प्रोस्ट, अलेन

(२४ फेब्रुवारी १९५५ – ). फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींच्या सर्वोच्च मालिकेचे जगज्जेतेपद मिळवणारा पहिला फ्रेंच चालक. फ्रेंच उच्चार ‘आलँ प्रोस्त’च्या जवळचा. जन्म ल्वार विभागातील लोरेत येथे. कार्टिंगपासून (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) सुरुवात, मग खालच्या पातळीच्या मालिकांत १९७६ मध्ये फॉर्म्युला रेनॉ आणि १९७९ मध्ये फ्रेंच व यूरोपीय फॉर्म्युला थ्री विजेतेपदे. १९८० मध्ये मॅक्लारेन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये पदार्पण आणि पहिल्याच शर्यतीत सहावा क्रमांक. १९८१ ते १९८३ रेनॉ संघात. पहिला विजय दिजाँ येथे, १९८१. १९८३ चे विजेतेपद नेल्सन पिकेविरुद्ध दोन गुणांनी हुकले.

१९८४ मध्ये तो मॅक्लारेनकडे परतला आणि जगज्जेतेपद संघसहकारी निकी लाउडाकडून अर्ध्या गुणाने हरला (७२ विरुद्ध ७१.५). मोनॅकोची शर्यत पावसामुळे ३१ फेऱ्यांनंतर थांबवली गेल्याने विजेत्या प्रोस्टला नऊऐवजी साडेचारच गुण मिळाले. शर्यत पूर्ण होऊन तो दुसरा आला असता, तरी सहा गुण पदरात पडून तो ७३ वर पोचला असता.

त्याचे वाहन चालवणे पाहणाऱ्याला संथ वाटे. ब्रेक व स्टिअरिंगवर हात हलका; गाडीची जुळणी पात्रता फेरीपेक्षा (जिच्यावरून सुरुवातीचा क्रम ठरतो) शर्यतीत भरलेल्या टाकीने धावण्यासाठी केलेली. त्याच्या ३३ पोलपैकी (पात्रता फेरीत पहिला येऊन मिळणारी सर्वांत पुढची जागा) १३ एकट्या १९९३ मधील आहेत, ते बरेचसे त्या वर्षीच्या विल्यम्स गाडीचे श्रेय. शर्यतीत इंधन भरण्यास बंदी आणि १९८६ मध्ये टाकीला १९५ लिटरची मर्यादा असल्याने इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोचा दाब फार वाढवणाऱ्यांचे इंधन अखेरीस संपे. हा धोका त्यालाही चुकला नाही: १९८६ मध्ये हॉकेनहाइमला अखेरच्या फेरीत इंधन संपले, तेव्हा तो उतरून गाडी ढकलू लागला. १९८५ मध्ये इमोलाचा विजय गाडी किमान वजनापेक्षा हलकी भरल्याने रद्द झाला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद मात्र त्याचेच. १९८६ चे अ‍ॅडिलेडला ठरले. तेथे प्रोस्टचा टायर पंक्चर झाल्याने त्याला आधीच नवे टायर लावावे लागले. पुढे नायजेल मॅन्सेलचा मागचा टायर फुटला, पिकेला खबरदारी म्हणून टायर बदलण्यासाठी आत बोलावले गेले आणि प्रोस्ट शर्यत व जगज्जेतेपद दोन्ही जिंकला.

१९८८ च्या निकालावर वाद आहे. सोळांपैकी सर्वोत्तम अकरा निकालच धरले जात. प्रोस्टचे सात विजय (६३) व सात दुसरे क्रमांक (४२) मिळून १०५ गुण होतात. मॅक्लारेनमधील त्याचा सहकारी आयर्टन सेना याचे आठ विजय, तीन दुसरे, एक चौथा व एक सहावा क्रमांक मिळून ९४. नियमाने प्रोस्टचे तीन दुसरे क्रमांक, म्हणजे १८ गुण, गळले आणि ८७ उरले; सेनाचे फक्त चार गुण गेले, उरले ९०. प्रोस्टलाच ‘खरा’ विजेता म्हणणारे काही लेखक आहेत. पण नियम हंगामापूर्वीच ठाऊक होता, तेव्हा हा दावा फारसा टिकत नाही. १९९१ पासून सर्व निकाल धरले जाऊ लागले.

१९८९ मध्ये जपानमधील सुझुकाच्या शिकेनवर (लागोपाठची तीव्र वळणे) दोघांची धडक झाली. सेना पुढे जाऊन जिंकला, पण बाद ठरला आणि विजेतेपद प्रोस्टचे झाले. प्रोस्ट नेहमीपेक्षा आधी आत वळला, असे अनेकांचे मत. सेनाची झेपही बरीच मागून होती, त्यामुळे दोष एकाच्याच माथी मारणे कठीण. १९९० ची तेथीलच धडक वेगळी: ती हेतुपुरस्सर होती, हे सेनाने पुढे मान्य केले.

१९९० मध्ये तो फेरारी संघात गेला होता; फेरारीने १९९१ मध्ये गाडीवरील जाहीर टीकेनंतर त्याला अखेरच्या शर्यतीआधी काढले. १९९२ मध्ये विश्रांती, १९९३ मध्ये विल्यम्सकडून चौथे विजेतेपद व निवृत्ती. ५१ विजयांचा त्याचा विक्रम २००१ मध्ये मायकेल शूमाखरने मोडला. शर्यतींची संख्या काही ठिकाणी २०२ आढळते. त्यात तो प्रत्यक्ष सुरुवात करू न शकलेल्या तीन शर्यती आहेत (एकीत, इमोला १९९१ ला, तो सुरुवातीपूर्वीच्या फेरीतच घसरला), म्हणून १९९ हा आकडा ग्राह्य.

लिजिए संघ विकत घेऊन त्याने १९९७ पासून स्वतःच्या नावाचा संघ चालवला; २००२ च्या आरंभी हा संघ दिवाळखोरीत निघाला. नंतर बर्फावरील आंद्रोस करंडक मालिकेत तीन विजेतेपदे.