खुब्याच्या अस्थिभंगातील प्रादेशिक भूल

रुग्णाची शुद्ध न हरपवता शरीराचा ठरावीक भाग बधिर करण्याच्या पद्धतीला प्रादेशिक भूल म्हणतात. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांच्या बाबतीत तिची निवड अवघड असते, कारण हृदय, फुप्फुसे किंवा मूत्रपिंडे बहुधा आधीच दुबळी झालेली असतात आणि प्रकृती सुधारेपर्यंत शस्त्रक्रिया लांबवणेही हिताचे नसते.

यात सर्वांत रूढ असलेली कण्यातील भूल, म्हणजे स्पायनल, जर्मनीतील कील येथे आउगुस्ट बीअर यांनी १८९८ मध्ये कोकेन वापरून दिली होती. आता त्यासाठी प्रामुख्याने ब्युपिवाकेन वापरतात. तिच्यामुळे रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब घसरतो आणि ताठरलेल्या हृदयाला ही घसरण सहज सावरता येत नाही. म्हणून भूलतज्ज्ञ औषधाची मात्रा कमी ठेवतात, फेनिलएफ्रिनसारखे रक्तदाब वाढवणारे औषध हाताशी ठेवतात, किंवा कण्यात बारीक नळी बसवून औषध थोडेथोडे देतात. महाधमनीची झडप तीव्र अरुंद झालेली असेल, तर एकाच वेळी पूर्ण मात्रा देणे धोक्याचे ठरते.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा प्रश्न याहून किचकट आहे. सुई टोचल्यावर कण्यात रक्तस्राव झाल्यास मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. क्लोपिडोग्रेल बंद केल्यावर सर्वसाधारणपणे ५ ते ७ दिवस थांबतात. मोडलेल्या खुब्यासाठी इतकी वाट पाहणे परवडत नसल्याने अनेकदा पूर्ण भूल देऊन जोडीला चेतारोध (नर्व्ह ब्लॉक), म्हणजे त्या भागाच्या नसा बधिर करणे, हा उपाय केला जातो.

सोनोग्राफीच्या मदतीने दिला जाणारा फॅशिया इलियाका ब्लॉक किंवा २०१८ मध्ये वर्णन केलेला पेंग ब्लॉक स्पायनलची जागा घेत नाही, परंतु वेदना कमी करतो. त्यामुळे स्पायनल देण्यासाठी मोडलेल्या हाडासह रुग्णाला कुशीवर वळवणे सुसह्य होते आणि अफूजन्य औषधे कमी लागतात. हा लाभ अनेकदा दुर्लक्षिला जातो.

स्पायनल ही पूर्ण भुलीपेक्षा सुरक्षितच असते, ही समजूत मात्र आता टिकत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,६०० रुग्णांच्या ‘रीगेन’ चाचणीत ६० दिवसांनंतरचे मृत्यू किंवा स्वतंत्रपणे चालण्याची असमर्थता या एकत्रित निकषावर स्पायनल आणि पूर्ण भूल या दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. चीनमधील ‘रागा’ चाचणीत ६५ वर्षांवरील रुग्णांना गुंगीचे औषध न देता प्रादेशिक भूल दिली गेली, तरीही शस्त्रक्रियेनंतरच्या संभ्रमावस्थेचे प्रमाण पूर्ण भुलीच्या तुलनेत घटले नाही.