ब्रिटनमध्ये सेकंडहँड गाडी घेताना: पात्रता, कागदपत्रं आणि कामांचा क्रम

भारतात वापरलेली गाडी घेतली की तिच्यासोबत बरंच काही चालत येतं. भरलेला रोड टॅक्स गाडीचाच असतो, थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे वर्ग होतो आणि आरसीवर नाव चढलं की गाडी आपली. ब्रिटनमध्ये या तिन्ही गोष्टी उलट आहेत. विक्री झाली की आधीच्या माणसाने भरलेला कर संपतो. विमा गाडीसोबत येत नाही, तो तुमच्या नावाने नव्याने काढावा लागतो. आणि लॉगबुकवर, म्हणजे इथल्या आरसीसारख्या नोंदणीच्या कागदावर, नाव असणं म्हणजे मालकी नव्हे. नव्याने आलेल्यांचा बहुतेक गोंधळ इथेच होतो. बाकी आरटीओची खेप नाही, एजंट नाही, सगळं फोनवर उरकतं. (खालची माहिती इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सची. उत्तर आयर्लंडमध्ये काही नियम वेगळे आहेत.)

गाडी कोण घेऊ शकतं, चालवू कोण शकतं

गाडी विकत घ्यायला इथला नागरिक असावं लागत नाही, लायसन्ससुद्धा लागत नाही. नोंदणीसाठी इथला पत्ता पाहिजे, कारण कागद टपालाने घरी येतात. पहिले काही आठवडे कंपनीने दिलेल्या तात्पुरत्या जागेत काढणार असाल, तर कायमचं घर मिळेपर्यंत थांबा. विम्याचा दरही पोस्टकोडवर ठरतो, त्यामुळे घाई करून काही वाचत नाही.

चालवण्याचं गणित वेगळं. वैध भारतीय लायसन्सवर, इथले रहिवासी झाल्या दिवसापासून 12 महिने साधी मोटार चालवता येते. मधे सुट्टीला भारतात जाऊन आलात म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. ऑस्ट्रेलिया, जपान, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांचं लायसन्स इथे बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. म्हणजे वर्ष संपायच्या आत प्रोव्हिजनल (आपल्याकडच्या लर्निंगसारखं) लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा पास व्हायच्या. पंधरा वर्षं गाडी चालवत असलात तरी.

प्रोव्हिजनलचा अर्ज डीव्हीएलएकडे, म्हणजे इथल्या वाहन आणि लायसन्स खात्याकडे करायचा. किमान 185 दिवस राहण्याची परवानगी, ओळखीचा पुरावा आणि गेल्या तीन वर्षांतले पत्ते लागतात. दिवसाउजेडी 20 मीटरवरून नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. लेखी परीक्षेची फी 23 पौंड. त्यात 50 पैकी 43 उत्तरं बरोबर हवीत, शिवाय रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखण्याच्या व्हिडिओ चाचणीत 75 पैकी 44 गुण. प्रत्यक्ष परीक्षेची फी कामाच्या दिवशी 62 पौंड. फीपेक्षा तारीख महाग आहे: अनेक केंद्रांवर ती मिळायला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज आल्या आल्या करावा. तो लवकर केला म्हणून भारतीय लायसन्सवर चालवण्याची वर्षाची मुभा जात नाही. परीक्षा ऑटोमॅटिक गाडीवर दिलीत तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच मिळतं, हे गाडी निवडण्याआधी लक्षात घ्या.

विम्याचा आकडा आधी

माझं स्पष्ट मत आहे की गाडी बघायला जाण्याआधी तिचा विमा किती पडेल ते बघावं. तुलना करणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावर गाडीचा नंबर, तुमचा पत्ता, नोकरी आणि लायसन्सचा प्रकार भरला की आकडे समोर येतात, आणि ते पाहून बऱ्याच जणांचं गाडीचं स्वप्न एक-दोन आकारांनी लहान होतं. इथे तुमचा इतिहास कोरा असतो. भारतातला नो क्लेम बोनस काही कंपन्या मानतात, बऱ्याच मानत नाहीत. तरी जुन्या विमा कंपनीकडून इंग्रजीत पत्र आणून ठेवावं, एका कागदाचं काही ओझं होत नाही. छोट्या इंजिनाची साधी गाडी पहिल्या वर्षी परवडते ती मुख्यतः विम्यामुळे.

फॉर्म भरताना लायसन्सच्या रकान्यात परदेशी लायसन्सचा पर्याय निवडा. ब्रिटिश लायसन्स दाखवून हप्ता कमी करायचा मोह होतो, पण खोट्या माहितीवर दावा नाकारता येतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. दुसरा बारीक रकाना वापराचा. फक्त घरगुती वापर निवडला आणि रोज गाडीने ऑफिसला गेलात, तर तो प्रवास विम्यात बसत नाही. त्यासाठी कम्यूटिंग धरलेलं असावं लागतं. विम्याशिवाय चालवताना पकडलं गेलं तर 300 पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पेनल्टी पॉइंट, शिवाय पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात.

गाडीची चौकशी

यात मात्र ब्रिटनला मानलं पाहिजे. तीन वर्षांहून जुन्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते, आणि नंबर टाकला की तिचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो: कधी नापास झाली, कशामुळे, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते. मी एका चकचकीत हॅचबॅकच्या प्रेमात पडलो होतो. इतिहास उघडला तर एका वर्षी मैल चक्क कमी झालेले! विकणाऱ्याला परत फोन केला नाही.

पास-नापासपेक्षा खाली लिहिलेल्या ॲडव्हायजरी, म्हणजे नापास न करता दिलेल्या सूचना, वाचा. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी खालून गंजते. दोन-तीन वर्षं गंजाचा उल्लेख वाढत गेला असेल तर सोडून द्या. आणि एमओटी म्हणजे त्या दिवसापुरती सुरक्षिततेची तपासणी. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची तब्येत तीत कळत नाही.

काही पौंड खर्चून खासगी हिस्टरी चेकही करावा. गाडीवर कर्ज बाकी आहे का, ती चोरीची आहे का, विमा कंपनीने कधी मोडीत काढली होती का, ते त्यात कळतं. श्रेणी ‘एस’ म्हणजे सांगाड्याला मार लागलेली, ‘एन’ म्हणजे सांगाडा सोडून इतर नुकसान झालेली. दोन्ही दुरुस्त होऊन कायदेशीरपणे रस्त्यावर येतात, ‘ए’ आणि ‘बी’ येऊ शकत नाहीत. लंडनमध्ये राहणार असाल तर यूलेझ (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा विभाग) तपासा: साधारण 2006 नंतरची पेट्रोल आणि सप्टेंबर 2015 नंतरची डिझेल गाडी चालते, नाहीतर वापराल त्या प्रत्येक दिवसाचे 12.50 पौंड. ऑगस्ट 2023 पासून हे लंडनच्या सगळ्या बरोंना, म्हणजे प्रशासकीय विभागांना, लागू आहे. गाडीचं वय नंबरप्लेटवरच असतं: ‘19’ म्हणजे मार्च ते ऑगस्ट 2019, ‘69’ म्हणजे त्यापुढचे सहा महिने.

व्यवहाराचा दिवस

लॉगबुकचं सरकारी नाव व्ही5सी. त्यावर नाव असतं रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडीची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याचं. हा मालकीचा पुरावा नाही, असं त्यावरच छापलेलं असतं. मालकी सिद्ध करायला पावती लागते: तारीख, रक्कम, गाडीचा नंबर, दोघांची नावं-पत्ते आणि सह्या.

खासगी विकणाऱ्याकडून घेताना त्याच्या घरी जा आणि लॉगबुकवरचा पत्ता तोच आहे का बघा. लॉगबुकवरचा चासी नंबर गाडीवरच्या चासी नंबराशी जुळवा. लॉगबुकचा अनुक्रमांक बीजी8229501 ते बीजी9999030 किंवा बीआय2305501 ते बीआय2800000 यांच्यात असेल तर ते चोरीला गेलेल्या कोऱ्या प्रतींपैकी असू शकतं. व्यवहार थांबवून पोलिसांना कळवा. लॉगबुक “टपालात अडकलंय” म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. पैसे बँकेतूनच पाठवा, पण नव्या खात्यावरून मोठी रक्कम पहिल्यांदा पाठवताना बँक ती रोखून धरू शकते. आदल्या दिवशीच मर्यादा विचारून ठेवा, नाहीतर कोणाच्या तरी अंगणात तासभर हेल्पलाइनचं संगीत ऐकत उभं राहावं लागतं.

डीलरकडे गाडी थोडी महाग पडते, पण कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 तुमच्या पाठीशी असतो. गाडी सदोष निघाली तर 30 दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत निघालेला दोष आधीपासूनच होता असं धरलं जातं. खासगी विक्रीत एवढंच संरक्षण की विकणाऱ्याला गाडी विकण्याचा हक्क असावा आणि गाडी वर्णनाप्रमाणे असावी. पहिल्या वर्षी, ओळखीचा मेकॅनिक नसताना, मी डीलरच पसंत करेन.

पैसे पोचले की विकणारा डीव्हीएलएच्या संकेतस्थळावर तुमचं नाव-पत्ता भरतो आणि लॉगबुकची हिरवी न्यू कीपर स्लिप फाडून तुम्हाला देतो. तिच्यावरच्या 12 अंकी क्रमांकाने तुम्ही तिथेच उभ्या उभ्या कर भरायचा. विमा त्या क्षणापासून चालू असला पाहिजे. कर न भरता “फक्त घरापर्यंत” चालवणं बेकायदा आहे; आधी वेळ घेतलेल्या एमओटीला नेणं एवढीच सवलत. इलेक्ट्रिक गाड्यांनाही एप्रिल 2025 पासून कर आहे. कर डायरेक्ट डेबिटने महिन्याच्या हप्त्यांत भरता येतो, थोडा जास्त पडतो.

नवं लॉगबुक ऑनलाइन कळवलं असेल तर आठवडाभरात, टपालाने कळवलं असेल तर चारेक आठवड्यांत येतं. आलं नाही तर व्ही62 फॉर्म भरायचा. हिरवी स्लिप असेल तर फुकट, नसेल तर 25 पौंड. म्हणून स्लिप जपा, निदान फोटो काढून ठेवा. आणि घर बदललंत की लॉगबुक, लायसन्स आणि विमा अशा तीन ठिकाणी पत्ता वेगवेगळा बदलावा लागतो. लॉगबुकवरचा पत्ता जुना राहिला तर हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वेगमर्यादा मोडल्याची नोटीसही त्या जुन्याच पत्त्यावर जाते.