बिबट्या पकडून अभयारण्यात सोडा, हे आधी एकदा करून झालंय

पुणे जिल्ह्यात जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे बिबट्याने कुणाला उचललं की गावातून पहिली मागणी येते पिंजरे लावायची आणि दुसरी, पकडलेला बिबट्या लांब जंगलात नेऊन सोडायची. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात थोड्याच दिवसांत तीन जीव गेले, त्यात दोन लहान मुलं, तेव्हा लोकांनी पुणे-नाशिक हायवे अडवला. ज्याच्या घरातलं लेकरू गेलं त्याला शहाणपण शिकवायचा हक्क कुणालाच नाही. पण ही मागणी ऐकली की मागचं आठवतं.

शहरात बसलेल्यांचं ठरलेलं मत असतं की जंगल तोडलं म्हणून बिबट्या गावात आला. इथे मात्र वेगळंच झालंय. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे, मग कालव्याचं पाणी आलं आणि जिरायती रानात ऊस उभा राहिला. ऊस म्हणजे वर्षभर दाट आडोसा, जवळ पाणी, आणि वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, वासरं. बिबट्याला अजून काय पाहिजे? मादी उसातच वीते, म्हणून तर ऊसतोडीला फडात बछडे सापडतात. आज जो बिबट्या दिसतो त्याच्या कित्येक पिढ्यांनी भीमाशंकरचं जंगल बघितलेलंसुद्धा नाही.

2001 नंतर हल्ले वाढले तसा लोकांचा रेटा वाढला आणि वनखात्याने धडाधड पिंजरे लावून दोन-तीन वर्षांत शंभराच्या आसपास बिबटे धरले, त्यातले बरेच जवळपासच्या जंगलांत, सरासरी 40 किलोमीटरवर नेऊन सोडले. पुढे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा हिशोब मांडला तो 2011 मध्ये छापून आला, आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीत वाचून दाखवावा असा आहे. ही धरपकड सुरू होण्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले, नंतर 17. जिथे सोडले त्या भागातही हल्ले सुरू झाले. आणि सोडलेलं जनावर तिथेच थांबतं असंही नाही, 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरला विहिरीतून काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माग काढणारी कॉलर गळ्यात लावून माळशेजला सोडला तर तो चालत चालत मुंबईच्या नॅशनल पार्कपर्यंत गेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

आणि इकडे मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही, दुसरा बिबट्या येतोच.

मग काही पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात कायमचे ठेवायला लागले, पण पिंजऱ्यांना जागा पुरणार किती? आता नसबंदीचं बोलणं चालू आहे. बिबट्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत येतो, त्यामुळे गोळी घालायची तर आधी मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते.

मला यात शेतकऱ्यांची एक जुनी मागणी सगळ्यात पटते. दिवसा थ्री फेज लाईट द्या, म्हणजे पाण्याची मोटर चालवायला लागते ती वीज. लाईट रात्रीची आली की माणूस बॅटरी घेऊन एकटा उसात दारं धरायला, म्हणजे पाणी द्यायला जातो, वाकून काम करतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणूस वाटतच नाही. ही मागणी पिंजऱ्याइतक्या जोरात कधी कुणी लावून धरली नाही, हायवे अडवला तेव्हाही बातम्यांत पिंजरा आणि गोळीच जास्त दिसली.