डिवॉल्टचे दोन १८ आणि एक २०

डिवॉल्ट या हत्यारं बनवणाऱ्या कंपनीच्या एका कॉर्डलेस (बॅटरीवर चालणाऱ्या) ड्रिलवर ‘२० व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘१८ व्होल्ट’. गिऱ्हाईक साहजिकच विसाकडे वळतं. पण आधी विचारायला हवं, हा १८ कुठला? कारण या पिवळ्या-काळ्या घराण्यात १८ दोन आहेत.

एक १८ युरोपात विकला जाणारा ‘एक्सआर’. तो आणि अमेरिकेतला २० मॅक्स, बॅटरी एकच. आत लिथियम-आयन सेलचे पाच टप्पे, प्रत्येकी ३.६ व्होल्ट, म्हणजे १८. बॅटरी नुकतीच चार्ज झालेली असते आणि ट्रिगर दाबलेला नसतो, तेव्हा सेल ४ व्होल्टच्या आसपास असतो. पाच चोक वीस. भोक पाडायला घेतलं की आकडा उतरतो. अमेरिकेतल्या खोक्यावर हे बारीक अक्षरांत छापलेलंही असतं. बॉशने १०.८ चे १२ केले, तेही याच हिशोबाने.

दुसरा १८ मात्र खरोखर वेगळा: जुना निकेल-कॅडमियम. १.२ व्होल्टचे पंधरा सेल, त्यामुळे हाताला जड. त्या बॅटरीला वर खुंट असायचा आणि तो थेट मुठीत शिरायचा, म्हणून मूठ जाडजूड. २०११ साली ‘२० मॅक्स’ आणताना कंपनीने नेमकं हेच बदललं. बॅटरी मुठीच्या तळाशी खाचेतून सरकून बसू लागली आणि पकड बारीक करता आली. ज्या पिवळ्या रंगात मालक कंपनी ब्लॅक अँड डेकरने १९९२ साली ‘डिवॉल्ट’ हे जुनं नाव पुन्हा बाजारात उतरवलं, त्याला कुणी हात लावला नाही. चालवतानाही फरक कळतो. निकेलवालं ड्रिल हळूहळू दमतं. लिथियमवालं जोरात चालता चालता एकदम थांबतं.

२० हा आकडा जाहिरातवाल्यांची हुशारी खरीच. तरी माझ्या मते तो सोयीचाही आहे, कारण अमेरिकेतल्या दुकानात जुन्या १८ शी गल्लत होत नाही. जुन्या ड्रिलला नवी बॅटरी अ‍ॅडॅप्टर लावून चालते, उलटं जमत नाही. काम झालं की ती काढून ठेवायची, नाहीतर अ‍ॅडॅप्टर तिला हळूहळू पिऊन टाकतो.

अमेरिकेतून कुणी आणणार असेल, तर ड्रिल आणि बॅटरी खुशाल मागवा. चार्जर मात्र तिथला १२० व्होल्टचा. आपल्या २३० वर लावलात तर धूर निघेल. २३० व्होल्टचा एक्सआर चार्जर घ्या, तीच बॅटरी त्यावर बसते.