कोस्टरच्या पलीकडे : डार्क राइड आणि तिच्या चाहत्यांची पार्श्वभूमी

द्रुतगती मार्गावरून खोपोलीजवळच्या थीम पार्कला जाऊन आलेल्या पुणेकरांना विचारले, तर बहुतेक जण पहिले नाव नायट्रोचे घेतात. सुमारे 40 मीटर उंचीचा कोस्टर लांबूनच नजरेत भरतो, त्यामुळे त्यात नवल नाही. परंतु 2013 च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या या पार्कची खरी ओळख छपराखालच्या काळोखात आहे, असे मानणाऱ्यांचाही एक छोटा वर्ग पुण्यात तयार झाला आहे. गाडीत बसून लक्ष्ये टिपण्याची अलिबाबाची राइड, भुताटकीच्या किल्ल्याचा सलीमगड, डायनासोरांमधून होडी नेणारी राजासॉरस ही त्यांची ठिकाणे आहेत. यातील राजासॉरस हे नाव कल्पित नाही. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून 2003 मध्ये त्या डायनासोराचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले होते. या वर्गाला कोस्टरचे वावडे नसते, पण दोनदा जाण्याइतकी ओढ त्यांना डार्क राइडची, म्हणजे प्रवाशाला छपराखालच्या काळोखातील दृश्यांमधून नेणाऱ्या राइडची असते.

ही ओढ कोस्टरप्रेमापेक्षा उशिरा संघटित झाली, आणि त्याचे कारण मोजमापात आहे. कोस्टरला उंची असते, वेग असतो, रुळाची लांबी असते, किती वेळा माणूस उलटा होतो याची संख्या असते. अमेरिकेत कोस्टरप्रेमींची संघटना 1978 मध्ये उभी राहिली आणि 1996 पासून जगभरच्या कोस्टरची सूची महाजालावर आली. कोणी किती कोस्टर केले याचे हिशेब तेव्हापासून चोख ठेवता येऊ लागले. डार्क राइडबाबत असा हिशेब निरर्थक ठरतो, कारण तिचा वेग सांगून काहीच कळत नाही. तिच्या चाहत्याला दृश्यांचा क्रम, प्रकाशाची जागा, बदललेले संवाद, एखाद्या कोपऱ्यातून गायब झालेली मूर्ती अशा गोष्टींची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे त्याचा छंद दप्तरखान्याकडे अधिक झुकलेला असतो.

जुना काळ थोडक्यात सांगता येईल. 1901 मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील प्रदर्शनात चंद्रावरील सफरीचा आभास देणारा विजेवरचा खेळ झाला आणि पुढे तो कोनी आयलंडला गेला. त्या काळी काळोखात फिरण्याचा मार्ग म्हणजे पाण्याचा पाट आणि त्यात तरंगणारी होडी. हा पाट बांधणे न परवडणाऱ्या न्यू जर्सीतील एका पार्कवाल्याने 1928 च्या सुमारास एकाच रुळावर धावणारी विजेची गाडी काढली आणि तिला इतक्या वळणांमधून नेले की लहानशा इमारतीत लांबलचक प्रवास मावला. हीच कल्पना इंग्लंडमधील ब्लॅकपूल येथे 1930 मध्ये ‘घोस्ट ट्रेन’ या नावाने उभी राहिली. आपल्याकडच्या जत्रांतील भूतबंगल्याचे बरेचसे सामान, म्हणजे अंगावर येणारा सांगाडा, एकाएकी पेटणारा दिवा, तोंडावर लोंबणारे दोरे, याच घराण्यातले आहे.

1955 च्या जुलैमध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड या ज्या पार्कने थीम पार्कचा साचा घालून दिला, त्याला पहिल्या दिवसापासून स्वतःची रेल्वे होती. नऊ महिन्यांच्या आत, 8 एप्रिल 1956 रोजी, पुण्यात पेशवे पार्कमध्ये फुलराणी धावू लागली. या दोहोंत काही संबंध होता असे म्हणण्याचे कारण नाही. तरीही राइड म्हणजे भीतीच असली पाहिजे असा नियम नाही, हे पुण्यातील मुलांच्या किमान तीन पिढ्यांना फुलराणीने शिकवले आहे. पार्कातले प्राणी पुढे कात्रजला गेले, पिंजरे गेले, गाडी मात्र राहिली.

पुण्यातल्या प्रेक्षकाची खरी तयारी मात्र गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांनी केली, असे माझे मत आहे. विजेच्या मोटारीवर मान आणि हात हलवणाऱ्या मूर्ती, ध्वनिमुद्रित निवेदन, निवेदनाबरोबर एकेका प्रसंगावर पडणारा प्रकाश आणि दोरखंडामागे उभी असलेली गर्दी, या सामग्रीत आणि 1960 च्या दशकात अमेरिकेत विकसित झालेल्या डार्क राइडच्या सामग्रीत तत्त्वाचा फरक फारच थोडा आहे. फरक आहे तो प्रेक्षकाच्या जागेचा. देखाव्यात प्रेक्षक उभा राहतो आणि प्रसंग आळीपाळीने उजळतात. डार्क राइडमध्ये प्रसंग अखंड चालू असतात आणि प्रेक्षकाला त्यांच्यापुढून नेले जाते. 1967 मध्ये वापरात आलेल्या अखंड साखळीच्या गाड्यांनी हे नेणे अधिक नेमके केले: गाडी कधी थांबत नाही, हव्या त्या क्षणी हव्या त्या बाजूला वळते आणि प्रवाशाने काय पाहावे व काय पाहू नये हे ठरवते. 1969 मध्ये डिस्नीलँडमध्ये उघडलेल्या झपाटलेल्या हवेलीत याच गाड्या वापरल्या गेल्या. त्या हवेलीच्या नृत्यदालनातील पारदर्शक भुते मोठ्या काचेवरील प्रतिबिंबांची आहेत आणि ती युक्ती लंडनच्या प्रेक्षकांनी 1862 मध्येच पाहिली होती. मंडपातील कारागिराला यातले काहीच समजावून सांगावे लागले नसते.

चाहत्यांच्या इतिहासात निर्णायक ठरलेला वाद 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धातला आहे. डिस्नीच्या फ्लोरिडातील पार्कमध्ये 1971 पासून ‘मिस्टर टोड’ची राइड होती. एका इंग्रजी बालकथेतील मोटारवेड्या बेडकाच्या गाडीत प्रवाशाने बसायचे आणि घरे, गावे, कोठारे उधळत जायचे, एवढेच तिचे कथानक होते. दृश्ये प्लायवूडची कापून रंगवलेली होती आणि ती अतिनील प्रकाशात चमकत. यंत्रमूर्तींच्या मानाने हे काम साधे, किंबहुना स्वस्त दिसे. परंतु तिच्यात दोन गोष्टी अशा होत्या की ज्यांची बरोबरी आजही क्वचितच होते. एक म्हणजे तिला दोन स्वतंत्र मार्ग होते आणि दोन्हींवरची दृश्ये काही अंशी वेगळी होती, त्यामुळे एकदा बसून राइड पुरी कळत नसे. दुसरी म्हणजे तिचा शेवट: समोरून आलेल्या आगगाडीची धडक बसून प्रवासी थेट नरकात पोहोचत आणि छोट्या सैतानांच्या मधून बाहेर पडत. मूळ कथेत असा नरक नाही. लहान मुलांच्या विभागात तो इतकी वर्षे टिकला, ही गोष्ट चाहत्यांना विशेष प्रिय होती.

1997 च्या ऑक्टोबरमध्ये ही राइड जाऊन तेथे ‘विनी द पू’ या कथेतल्या अस्वलाची राइड येणार असल्याच्या बातम्या आल्या. त्यानंतरच्या महिन्यांत महाजालावरून एकमेकांना गाठून चाहते पार्कमध्ये जमू लागले. हिरवे टी-शर्ट घालून ते राइडमध्ये बसत आणि विचारणाऱ्यांना कारण सांगत. पार्कचे तिकीट काढून केलेले हे आंदोलन वृत्तपत्रांना गमतीचे वाटले आणि त्यांनी त्याला भरपूर जागा दिली. अधिकृत दुजोरा अगदी शेवटी मिळाला आणि 7 सप्टेंबर 1998 रोजी राइड बंद झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये तेथे पूची राइड सुरू झाली. तिच्या एका दृश्यात टोड घुबडाच्या हाती घराचा दस्तऐवज देत असल्याचे चित्र लावलेले आहे. हे चित्र म्हणजे माफी की चिमटा, यावर चाहत्यांत आजही दोन तट आहेत.

डिस्नी कंपनीची बाजू समजण्यासारखी होती. बेडकाचा चेहरा नव्या पिढीतील मुलांच्या ओळखीचा राहिला नव्हता, अस्वलाची खेळणी मात्र जगभर खपत होती, आणि राइडच्या दाराशीच दुकान असणे हे या व्यवसायाचे उघड गणित आहे. जागा मर्यादित असेल तर काहीतरी जाणारच, हेही खरे. तरीही निर्णय चुकीचा होता असे म्हणावे लागते, कारण दोन मार्गांची ती रचना दुसऱ्या कोणत्याही पात्राला देता आली असती. पात्राबरोबर रचनाही मोडण्याची गरज नव्हती. कॅलिफोर्नियातील टोडची राइड, एकाच मार्गाची असूनही, 1955 पासून चालू आहे आणि तिथले पालक मुलांना नरकातून सुखरूप बाहेर काढत आहेत.

या वादाचे महत्त्व हरण्याजिंकण्यात नव्हते. त्याच पार्कमधील पाणबुडीची सफर 1994 मध्ये गाजावाजा न होता बंद झाली होती आणि तेव्हा चाहत्यांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. टोडच्या वेळी राइड बंद होण्याआधी तिचे चित्रीकरण करणे, आवाज स्वतंत्रपणे टिपणे, दृश्यांचे नकाशे काढणे ही कामे लोकांनी आपणहून अंगावर घेतली. कोणतीही मोठी राइड बंद होण्याची घोषणा झाली की आज जी धावपळ होते, तिची घडी तेथे बसली. 2023 मध्ये अमेरिकेतील दोन्ही पार्कमधली ओंडक्याच्या होडीची प्रसिद्ध राइड नव्या कथेसाठी बंद झाली, तेव्हा कारण निराळे होते आणि वाद कितीतरी कडवट होता, पण नोंदी ठेवण्याची पद्धत तीच होती.

टोडची जागा घेणाऱ्या अस्वलाचा पुढचा प्रवास चाहत्यांना अडचणीत टाकणारा आहे. सप्टेंबर 2000 मध्ये टोकियोत पूवर आधारित जी राइड उघडली, तिच्यात रूळच नव्हता. गाड्या मोकळ्या फरशीवर एकमेकींना वळसे घालत फिरतात आणि प्रत्येकीचा मार्ग थोडा वेगळा असतो. फ्लोरिडात मोडले गेलेले वैशिष्ट्य तेथे अधिक प्रगत रूपात परत आले. त्याच सुमारास, 1999 मध्ये, फ्लोरिडातल्याच दुसऱ्या पार्कने हलती गाडी आणि त्रिमितीय पडदा एकत्र आणले आणि पुढची दीड दोन दशके पडद्यांची झाली. खोपोलीच्या पार्कमध्ये भारतदर्शनाची हवाई सफर आणि एका गाजलेल्या हिंदी चित्रपटावरची हलत्या आसनांची राइड आहे, ती याच काळाची अपत्ये होत. पडदा स्वस्तात बदलता येतो आणि त्यावर काहीही दाखवता येते, पण दुसऱ्यांदा बसल्यावर त्यात नवे सापडत नाही, ही चाहत्यांची तक्रार मला रास्त वाटते.

जत्रेतल्या फिरत्या खेळांचे घराणे वेगळे आहे. नवरात्रात चतुःशृंगीच्या जत्रेत उभा राहणारा आकाशपाळणा, शेजारचे कोलंबस, ब्रेक डान्स आणि टोराटोरा हे सुटे करून ट्रकवर लादता येतील अशा बेताने बनवलेले असतात. त्यांच्यात कथा नसते, म्हणून डार्क राइडचे चाहते त्यांच्याकडे कमी वळतात. सरकारी कर मात्र असा भेद करत नाही. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मेरी-गो-राउंड, थीम पार्क, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यती एकाच 28 टक्क्यांच्या ओळीत होत्या. 25 जानेवारी 2018 पासून पार्क आणि पाळणे 18 टक्क्यांवर आले.

बंदिस्त राइडच्या इतिहासावर कराहून खोल परिणाम आगींनी केला आहे. 1979 मध्ये सिडनीतील घोस्ट ट्रेनला आग लागून सात जण मृत्युमुखी पडले. 1984 मध्ये न्यू जर्सीतील झपाटलेल्या किल्ल्यात आठ किशोरवयीन मुले दगावली. तो किल्ला चाके असलेल्या ट्रेलरवर उभारलेला असल्यामुळे तात्पुरते बांधकाम समजला जात होता आणि पाण्याच्या फवाऱ्यांची व्यवस्था त्यात नव्हती. त्यानंतर अमेरिकेत असल्या वास्तूंना फवारे आणि धूरसूचक यंत्रणा बंधनकारक झाल्या. हा खर्च न झेपल्याने कित्येक लहान पार्कांनी जुन्या डार्क राइड पाडून टाकल्या, याचे दुःख चाहते करतात, पण नियमाविरुद्ध बोलणारा त्यांच्यात सहसा आढळत नाही. 25 मे 2024 रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये लागलेल्या आगीतही सहज पेट घेणारे साहित्य आणि तात्पुरत्या स्वरूपाचे बांधकाम हेच मुद्दे पुढे आले. जत्रेतला भूतबंगला पत्रे, प्लायवूड, कापड आणि उघड्या वायरींवर उभा राहतो आणि आठ पंधरा दिवसांत उतरवला जातो. परवानगी देताना त्याला मंडप मानायचे की इमारत, यावर त्याचे पुढचे आयुष्य अवलंबून आहे.