घरगुती कचऱ्यापासून शिल्पे (कोल्हापूर)

घरात रोज निघणाऱ्या टाकाऊ वस्तू धुऊन, निवडून, सांगाड्यावर जोडून उभे केलेले त्रिमितीय काम, आणि ते कलादालनात मांडण्याजोगे करण्यासाठी लागणारी पुढची सगळी तयारी, असा या प्रकाराचा आवाका आहे. वेष्टने, पिशव्या, पत्र्याचे डबे, फुटक्या कपबश्या, करवंट्या, रद्दी, झिजलेल्या चपला हे त्याचे साहित्य. कोल्हापुरात कलाविद्यार्थी, शाळांमधले कलाशिक्षक, गणेशोत्सवाचे देखावे करणारी मंडळी आणि हौशी माणसे या वाटेला जातात. मोटारींच्या सुट्या भागांतून उभारलेली चौकातली मोठी शिल्पे ही निराळी जात. तिथे लोखंडाला लोखंड वेल्डिंगने धरते. घरातल्या कचऱ्यातली कोणतीही दोन माणके एकमेकांना सहजासहजी धरत नाहीत, आणि या कलेची बहुतेक डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

पूर्वपीठिका

पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात मेणकापड आणि छापील कागद चिकटवले, तेव्हापासून टाकाऊ वस्तूला आधुनिक कलेत रीतसर प्रवेश मिळाला असे मानतात. जर्मनीतल्या कुर्ट श्विटर्सने १९१९ पासून ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे ढलपे यांतून कामे केली. पिकासोने १९४२ मध्ये सायकलचे सीट आणि हँडल जोडून बैलाचे मुंडके केले. दोनच वस्तू, तिसरी लागलीच नाही. खास घरगुती कचऱ्याशी नाते सांगायचे तर ते आर्मान या फ्रेंच कलावंताचे. १९६० च्या सुमारास त्याने घरातला केर जसाच्या तसा काचेच्या पेट्यांत भरून मांडला. टिम नोबल आणि स्यू वेबस्टर या इंग्लंडमधल्या जोडीने १९९८ मध्ये स्वतःच्याच सहा महिन्यांच्या कचऱ्याचा ढीग असा रचला की प्रकाश टाकल्यावर भिंतीवर दोघांची सावली उमटावी.

भारतात पहिले नाव नेकचंद (१९२४–२०१५) यांचेच घ्यावे लागते. रस्ते निरीक्षकाची नोकरी सांभाळून त्यांनी १९५७ पासून चंदीगडच्या राखीव जमिनीवर, कोणाला पत्ता लागू न देता, फुटक्या बांगड्या, फरश्या आणि कपबश्यांतून माणसे, पाखरे आणि जनावरे घडवली. सरकारला शोध लागल्यावर ती पाडली गेली नाहीत हे नशीब; १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांसाठी खुले झाले. विवान सुंदरम यांनी २००८ च्या 'ट्रॅश' मालिकेत कचऱ्याचे अख्खे शहर रचून त्याची छायाचित्रे प्रदर्शनात मांडली.

कोल्हापूरकराला यासाठी एवढ्या लांब जायची गरज नाही. दिवाळीत गल्लोगल्ली उभे राहणारे किल्ले म्हणजे विटा, गोणपाट, मोडके पाट, डबे यांच्या सांगाड्यावर चिखलाचा लेप, वर हळीव किंवा मोहरी पेरून केलेली हिरवळ. गौरी उभी करताना डब्यावर डबा किंवा घागर ठेवून, आत काठीचा आधार देऊन, वरून साडी नेसवतात. मुखवटा तेवढा खास, बाकीचा देह घरातल्या सामानाचा. वजन कुठे घ्यायचे, तोल कसा सांभाळायचा, आतले झाकायचे कसे, हे शिल्पकाराचे तिन्ही प्रश्न गौरी उभी करणारी बाई दरवर्षी सोडवते. तिला कोणी शिल्पकार म्हणत नाही, हा भाग वेगळा.

कला आणि कारखाना यांचा शेजार हा या शहराचा जुना गुण आहे. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे चित्रकार, शिल्पकार आणि चित्रपट दिग्दर्शक. परदेशी कॅमेऱ्यावाचून अडून न बसता त्यांनी सहकाऱ्यांना घेऊन देशी कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला. शिवाजी उद्यमनगरातले लेथ आणि फाउंड्र्या, गंगावेश, शाहूपुरी आणि बापट कॅम्प इथले कुंभार आणि मूर्तिकार, रंकाळ्यापासून दसरा चौकापर्यंत विखुरलेली चित्रकारांची घरे, ही सगळी मंडळी एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कचऱ्याचे शिल्प करणाऱ्याला या तिघांचीही गरज पडते.

साहित्याची निवड

सर्वांत आधी विचारायचा प्रश्न : ही वस्तू भंगारवाला घेतो का? घेत असेल तर ती त्यालाच द्यावी. पाण्याच्या आणि थंड पेयांच्या बाटल्या, रद्दी, पुठ्ठा, ॲल्युमिनियमचे डबे, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या यांना दर आहे आणि त्यांचा पुनर्वापर होतो. त्याच बाटलीला सोनेरी रंग मारून, तार गुंडाळून, सोल्यूशनने चिकटवले की ती पुन्हा कोणत्याही कारखान्याच्या कामाची राहत नाही. म्हणजे चांगला माल कायमचा कचरा करून त्याला पर्यावरणपूरक शिल्प म्हणायचे, असा उलटा व्यवहार शाळाशाळांतून चालतो. बाटल्यांचे मोर आणि सीडीचे मासे बघून पुरे झाले आहेत.

भंगारवाला नाक मुरडतो तो माल खरा कामाचा : चिप्स आणि बिस्किटांची चकचकीत वेष्टने (प्लॅस्टिक आणि धातूचा मुलामा यांचे थर वेगळे करणे परवडत नाही), शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टच्या नळ्या, थर्मोकोल, फुटकी चिनी माती, झिजलेले तळवे, करवंट्या. शहराचा कचरा कसबा बावड्याला जातो. तिथे वर्षानुवर्षे पडून राहणाऱ्या ढिगात यांचाच भरणा असतो. राज्यात २०१८ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्मोकोलची ताटे-वाट्या यांवर बंदी आली, तरी वेष्टने होती तिथेच राहिली.

कोल्हापूरच्या घरांतून निघणारा काही माल या भागाचाच म्हणावा असा. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. मिरच्या डंकावर कुटायला नेण्याआधी बायका पडवीत बसून देठ खुडतात आणि सुपाएवढा ढीग बाजूला पडतो. वाळलेला देठ एका टोकाला वाकडा, दुसऱ्या टोकाला टोपीसारखा पसरट असतो. रंग हिरवट पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत. टोप्या बाहेर ठेवून ओळीने चिकटवले तर खवले दिसतात, टोके बाहेर काढली तर कोंबड्याच्या मानेवरची फिसकारलेली पिसे. मात्र देठ दोन पाण्यांनी धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय हातात घेऊ नयेत, नाहीतर ठसक्याने काम बंद पडते. पांढऱ्या रश्श्याला नारळ लागतो, म्हणून करवंट्यांना तोटा नाही. काचेच्या तुकड्याने बाहेरची शेंडी खरवडून तेलाचा हात दिला की काळपट लकाकी येते. झिजलेली कोल्हापुरी चप्पल हे तर उत्तमच साहित्य. कातडे जाड असते, त्याला भोक पाडता येते, टाका घालता येतो, आणि तळव्यावर घालणाऱ्याच्या अंगठ्याचा खळगा राहिलेला असतो. तो दिसेल अशी मांडणी करावी. रंगाखाली झाकला तर चप्पल वापरण्यात अर्थच उरत नाही.

घेऊ नये असेही बरेच आहे. डायपर आणि सॅनिटरी पॅड, सुया, पाती, जुन्या बॅटऱ्या, पारा असलेल्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घातक घरगुती कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितले, ते शिल्पकारालाही लागू आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर रस्त्यांवर गाद्या, कपाटे, पुस्तके यांचे डोंगर उभे राहिले होते. पुराच्या पाण्यात भिजलेल्या वस्तूत गटाराचा गाळ आणि बुरशी मुरलेली असते. भावनेच्या भरात ती दालनात आणू नये.

घडण

धुणे हा कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा. तेलकट वेष्टने उलटी करून सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची, घासायची, दोरीवर चिमट्याने टांगायची. वेष्टनाच्या घडीत फरसाणाचा एक कण राहिला तरी मुंग्या आणि त्यांच्या मागोमाग उंदीर शिल्पापर्यंत पोचतात.

पुढचे काम सांगाड्याचे. आठ-दहा इंचांपर्यंतच्या कामाला बाइंडिंग तार आणि काठ्या पुरतात. माणसाच्या उंचीचे काम असेल तर उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानातून सहा मिलिमीटर सळीची फ्रेम करून घ्यावी, वर कोंबडीची जाळी ताणावी आणि त्या जाळीला साहित्य बांधत जावे. फ्रेम दोन तुकड्यांत, नट-बोल्टने जुळणारी असावी. घराच्या जिन्यातून काम खाली उतरवताना याचे महत्त्व कळते.

जोडणीत एक नियम फार उपयोगाचा आहे : चिकटवण्याआधी बांधता येईल का ते पाहावे, बांधण्याआधी शिवता येईल का. पिशव्या आणि वेष्टने ज्या प्लॅस्टिकची असतात ते फेव्हिकॉलला दाद देत नाही; त्यांच्या पट्ट्या कापून, पीळ देऊन विणाव्यात किंवा क्रोशाच्या सुईने गुंफाव्यात. पत्र्याच्या डब्याला डाग (सोल्डरिंगचा जोड) देता येतो, ॲल्युमिनियमला रिव्हेट मारावे. फुटक्या चिनी मातीला इपॉक्सी किंवा सिमेंट. थर्मोकोलवर रबराचे सोल्यूशन किंवा स्प्रे रंग पडला की ते डोळ्यांदेखत विरघळते, म्हणून आधी कागद आणि फेव्हिकॉलचा थर द्यावा. प्लॅस्टिक जाळून आकार देण्याचा मोह टाळावा. त्यातही पीव्हीसी तापले की हायड्रोजन क्लोराइडचा जहाल वायू सुटतो.

रद्दीतला जो कागद भंगारवाल्याने परत केला, म्हणजे तेलकट, फाटका, ओला झालेला, त्याचा लगदा करता येतो. आजीच्या पिढीत लगद्याच्या टोपल्या आणि सुपे घरीच होत. कागद भिजवून, कुटून, त्यात भिजवलेली मेथी वाटून घालायची की लगदा चिवट होतो आणि किडीला कडू लागतो. बुक बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद टाकतात तेही त्याचसाठी. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. लगद्याचे काम होळीच्या सुमाराला सुरू करून मृगाच्या आत खडखडीत वाळवावे. आषाढ-श्रावणात कोल्हापुरात लगदा वाळत नाही, त्याला फक्त बुरशी येते.

सगळे झाल्यावर एकसारखा सोनेरी किंवा ब्राँझचा रंग मारायची पद्धत आहे. देखाव्यात लांबून बघायच्या मूर्तीला ते चालते. दालनात प्रेक्षक हातभर अंतरावर उभा राहतो. त्याला आधी कोंबडा दिसावा आणि मग तो देठांचा आहे हे कळावे. रंगाने ही दुसरी पायरीच पुसली जाते.

प्रदर्शनाची तयारी

दसरा चौकातल्या राजर्षी शाहू स्मारक भवनाचे कलादालन हे शहरातले नेहमीचे ठिकाण. कलामहाविद्यालये आणि शाळांची वार्षिक प्रदर्शनेही असतात. कुठेही मांडायचे झाले तरी काम नेण्याच्या आधी एकदा बारकाईने तपासावे लागते, आणि पहिली तपासणी गोपनीयतेची. औषधांच्या पट्ट्या, विजेची बिले, कुरिअरची पाकिटे, लग्नपत्रिका यांवर नाव, पत्ता, मोबाइल नंबर, कधी कधी आजारसुद्धा लिहिलेला असतो. शेजाऱ्यांकडून कचरा मागून आणला असेल तर ही जबाबदारी दुप्पट. असा मजकूर कापून टाकावा किंवा आतल्या बाजूला वळवावा.

दुसरी तपासणी धारेची. कापलेल्या पत्र्याची कड कानसने घासून दुमडावी, तारेची टोके आत वळवावीत. "हात लावू नये" ही पाटी कोल्हापुरात कोणी मनावर घेत नाही, विशेषतः शाळेची सहल आली की. तिसरी तपासणी वासाची : काम रात्रभर बंद खोलीत ठेवून सकाळी दार उघडावे. घरच्यांचे नाक सरावलेले असते, म्हणून शेजारच्या माणसाला बोलवावे.

बैठक स्वतंत्र करावी. हलके काम पंख्याच्या वाऱ्याने हलते, म्हणून पाटाच्या खाली वीट किंवा वाळूची पिशवी बसवतात. वाहतुकीला छोटा हत्ती पुरतो. बांधाबांधीला जुन्या साड्या आणि गोधड्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकपेक्षा बऱ्या, त्यातून नवा कचराही होत नाही. हाताशी दुरुस्तीची पिशवी हवी : त्याच साहित्याचे राखून ठेवलेले तुकडे, तार, पक्कड, सुई-दोरा, फेव्हिकॉल. प्रकाश एका बाजूने द्यावा. चकचकीत वेष्टनांवर समोरून दिवा टाकला तर आकार दिसत नाही, नुसता झगमगाट दिसतो. थेट ऊन येत असेल त्या खिडकीपाशी पिशव्यांचे काम ठेवू नये. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होऊन त्याचा भुगा पडतो.

पाटीवर शीर्षक, माध्यम, आकारमान, वर्ष आणि विकायचे असल्यास किंमत. माध्यमाच्या ओळीत 'मिश्र माध्यम' लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. 'मिरचीचे देठ, करवंटी, बाइंडिंग तार. एका घराच्या चटणीचा माल' असे लिहिले तर प्रेक्षक परत फिरून बघतो. टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातली खापरे, मणी आणि बांगड्यांचे तुकडे आहेत, म्हणजे पंचगंगेकाठच्या जुन्या वस्तीचा घरगुती कचराच; तिथे प्रत्येक तुकड्याला जी अदब मिळते ती इथल्या पाटीलाही मिळायला हरकत नाही.

प्रदर्शनानंतर

अशी कामे क्वचित विकली जातात. घरात ठेवायला जागा नसते, पावसाळ्यात दमट हवेने तार गंजते, कातड्यावर पांढरी बुरशी चढते (एरंडेलाचा हात दिल्यास काही काळ थांबते). म्हणून छायाचित्रे चारही बाजूंनी, मोजपट्टीसह काढून ठेवावीत आणि काम उकलायची तयारी आधीपासूनच ठेवावी. बांधलेले आणि शिवलेले सुटते : फ्रेम पुढच्या कामाला येते, पत्रा आणि सळई भंगारवाला घेतो, देठ आणि करवंट्या मातीत किंवा बंबात जातात. इपॉक्सीने चिकटवलेले मात्र कोणीच घेत नाही. ते कोंडाळ्यावर टाकले तर घंटागाडीवाला ते ओल्यात घालायचे की सुक्यात, असे विचारतो.