जड चाकांनी पाय तयार होतात?

सायकलवाल्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: व्यावसायिक सायकलपटू सरावाला मुद्दाम जड चाकं लावतात, म्हणजे पाय कसतात आणि शर्यतीत हलकी चाकं लावली की सायकल उडते.

हिशोब करून बघा. सायकल आणि स्वार मिळून ८० किलो धरले, तर चाकांचं जास्तीचं अर्धा किलो वजन म्हणजे एक टक्काही नाही. चढावर २५० वॉट लावणाऱ्याला त्याच वेगासाठी फार तर दीड-दोन वॉट जास्त लागतील; सपाटीवर तेवढेही नाहीत. आणि मेहनतच वाढवायची, तर जोरात पेडल मारायला कोणी अडवलंय?

सरावाला जड चाकं असत हे खरं, पण त्याचं कारण साधं आहे. शर्यतीत मागे टीमची गाडी असते, पंक्चर झालं की मेकॅनिक अख्खं चाक बदलतो. सरावात बरेचदा स्वार एकटाच. त्यात शर्यतीचे ट्युब्युलर टायर, म्हणजे आत ट्यूब शिवून टाकलेले टायर, कित्येक वर्षं रिमला गोंदाने चिकटवलेले असत. ते रस्त्यात बदलणं म्हणजे वैताग. म्हणून सरावाला ॲल्युमिनियमची रिम, जाड टायर, खिशात ट्यूब. महागडी कार्बनची चाकं खडीत झिजवायची कशाला? शिवाय रिम ब्रेकच्या, म्हणजे रिमलाच घासून थांबवणाऱ्या ब्रेकच्या, काळात पावसात कार्बनवर ब्रेक नीट लागत नसत. डिस्क ब्रेक आणि ट्यूबलेस टायर आल्यापासून सरावाच्या आणि शर्यतीच्या चाकांतला हा फरक बराच कमी झालाय.